अर्ज कोणाच्या दारी?

गावात राहणाऱ्या माणसाला गावातील सर्व काही ठाऊक असते, असा एक समज आहे, आणि तो पुष्कळ अंशी खराही आहे. कोणाच्या घरी चतुर्थीला किती पाहुणे आले, कोणाच्या मुलाला मुंबईत नोकरी लागली, कोणाचे भाट कोणी विकत घेतले, यांतले काहीही गावात लपून राहत नाही. परंतु देवळाकडच्या वळणावरील दिवा तीन महिने बंद आहे, तो सुरू करून घेण्यासाठी नेमके कोणाकडे जावयाचे, असे त्याच सर्वज्ञ ग्रामस्थास विचारावे, तर तो क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "पंचाक सांगून दवरलां." हे सांगून ठेवणे आमच्या ग्रामजीवनातील एक जुने दुखणे आहे. सांगितलेले असते, ठेवलेलेही असते. होत मात्र काही नाही.

सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाकडून अर्ज लिहवून घेण्याची पद्धत खेड्यांतून अद्याप पुरती मोडलेली नाही. शाळा सुटण्याच्या वेळी कोणीतरी व्हरांड्यात येऊन उभा राहतो आणि "सर, मात्सो एक अर्ज बरोवन दियात" म्हणतो. आजवर आम्ही असे कित्येक अर्ज लिहून दिले. त्या अनुभवातून एक गोष्ट ध्यानात आली. येणाऱ्या माणसाला आपले दुःख पक्के ठाऊक असते. पण ते काम कोणाचे आणि आपण नेमके काय मागतो आहोत, या दोन गोष्टी त्याला ठाऊक नसतात. अर्ज वाया जातात ते बहुधा या दोन अज्ञानांमुळे. सरकारच्या निष्ठुरतेमुळे वाया जाणारे त्या मानाने थोडे. म्हणून या महिन्यात वाचकांशी याच विषयावर चार शब्द बोलावे असे आम्ही योजले आहे.

पूर्वी हा प्रश्न पडत नसे, कारण दार एकच होते. गोव्यातील गावकरी ही संस्था पोर्तुगीज येथे येण्यापूर्वीची आहे. तिसवाडीतील गावांच्या रीतिरिवाजांची नोंद करणारा अफोंसो मेक्सिया याचा प्रसिद्ध 'फोराल' १५२६ सालचा. म्हणजे परकी सत्तेलासुद्धा गावाचा हा जुना कारभार प्रथम समजून घ्यावा लागला. खाजन शेतीचे बांध, पाणी आत-बाहेर करणारी मानस, वाटा, पाणवठे, देवस्थाने, गावाच्या सेवेकऱ्यांचे हक्क, हे सारे गावकरीच्या बैठकीत ठरे. बांध फुटला तर कोणाला हाक मारावयाची हे लहान पोरासही माहीत असे. परंतु गतकाळाचे गोडवे गाताना एक विसरू नये. त्या बैठकीत गावकर घराण्यांतील पुरुषांनाच स्थान होते. जो गावकर नव्हता त्याला, मुंडकाराला आणि गावातील समस्त स्त्रियांना तेथे आवाज नव्हता. दार एकच होते हे खरे, पण ते सर्वांसाठी उघडत नसे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि लगेच पुढील वर्षी, १९६२ साली, येथे ग्रामपंचायती आल्या. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ साली गोवा पंचायत राज अधिनियम झाला आणि आज राज्यातील १९१ पंचायती त्यानुसार चालतात. या कायद्याने ज्याचे नाव गावच्या मतदारयादीत आहे असा प्रत्येक जण, मग तो भाटकार असो वा मुंडकार, पुरुष असो वा स्त्री, ग्रामसभेचा सदस्य झाला. ग्रामसभेला जाण्यासाठी कोणाच्या निमंत्रणाची गरज नाही. ती आपलीच सभा आहे. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी साधारण सभा होते, शिवाय राष्ट्रीय दिनांच्या निमित्ताने विशेष सभाही होतात. मात्र दाराला कुलूप नसतानाही आत जाणारे थोडे, अशी स्थिती आहे. हजारो मतदारांच्या गावात ग्रामसभेला पन्नास-साठ डोकी दिसली की सभा चांगली झाली असे म्हणण्याची पाळी येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गावाचा कारभार आज एका दारी नाही. तो अनेक कचेऱ्यांत वाटला गेला आहे. ही वाटणी एकदा समजून घेतली म्हणजे निम्मी पायपीट वाचते.

पंचायतीच्या दारी जावयाचे ते वाड्यांतील अंतर्गत वाटा, गटारे, कचरा, स्मशानभूमी यांसाठी. घरपट्टी तेथेच भरावयाची. घर बांधण्याचा आणि दुकान चालविण्याचा परवानाही तेथूनच मिळतो. घरात मूल जन्मले वा कोणी निवर्तले तर त्याची नोंद एकवीस दिवसांच्या आत व्हावी असा १९६९ च्या कायद्याचा दंडक आहे. इस्पितळात घडलेल्या घटनेची नोंद बहुधा इस्पितळाकडून होते. घरी घडलेल्या घटनेची मात्र कुटुंबालाच करावी लागते. दुःखाच्या दिवसांत हे राहून जाते आणि पुढे वारसाच्या कागदांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. पंचायतीचा सचिव हा सरकारी नोकर असतो. सरपंच बदलतात, पंच बदलतात, कचेरीचे दप्तर राहते. म्हणून पंचाला वाटेत गाठून सांगण्यापेक्षा सचिवाच्या टेबलावर दिलेला कागद अधिक टिकतो.

मोठा रस्ता आणि त्यावरील पूल सार्वजनिक बांधकाम खात्याचा. नळाचे पाणी पंचायत देत नाही. ते राज्य सरकारच्या पाणीपुरवठा कचेरीकडून येते, तेव्हा नळ कोरडा पडला म्हणून सरपंचावर राग काढण्यात अर्थ नाही. विजेचा खांब, तार आणि ट्रान्सफॉर्मर वीज खात्याचे; तार तुटून पडली असेल तर तिच्याजवळ कोणास जाऊ न देता १९१२ या क्रमांकावर कळवावे. झाड आडवे पडून रस्ता अडला तर अग्निशामक दलाला १०१ वर हाक द्यावी. मात्र झाड अद्याप उभे असून घरावर कलले असेल, तर स्वतः कुऱ्हाड घेऊन धावू नये. गोव्यात १९८४ पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे आणि झाड तोडण्यास वनखात्याची परवानगी लागते. ती पावसाळ्याच्या तोंडावर मागण्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये मागणे शहाणपणाचे.

जमिनीचा नमुना एक व चौदा, त्यावरील नावे आणि हद्द यांसाठी तलाठी आणि त्याच्या वर मामलेदार. उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखलाही मामलेदार कचेरीतूनच मिळतो. विवाहाची नोंद नागरी निबंधकाकडे. साथीचा ताप आला, वाड्यातील विहिरीचे पाणी बिघडले, डासांची पैदास वाढली, तर प्राथमिक आरोग्य केंद्र. आजाऱ्याला तातडीने न्यावयाचे असल्यास १०८, आणि कोणतेही मोठे संकट असल्यास ११२. हे दोन क्रमांक घरातील प्रत्येक भिंतीवर नसले तरी टेलिफोनजवळ, स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

खाजनाच्या बांधाची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती येथे विस्ताराने सांगणे जरूर आहे, कारण तेथे चुकीच्या दारी गेल्याची किंमत फार मोठी पडते. भरतीच्या वेळी बांधाला लहानसे भगदाड पडले तर पहिल्या दिवशी ते चार माणसे मातीने आणि चिखलाने बुजवू शकतात. आठवडा गेला की खारे पाणी ये-जा करून ते रुंद करते. एकदा शेतात खारे पाणी मुरले की त्या वर्षीचे भात तर जातेच, पण पुढेही काही पावसाळे जमीन धुतली गेल्याशिवाय तेथे चांगले पीक येत नाही. अशा वेळी शेतकरी पंचायतीकडे धावतो, पंचायत म्हणते हे आमचे नव्हे, आणि या धावपळीत दोन भरत्या होऊन जातात. कुळांच्या खाजनांत बांधाची व मानशीची देखरेख ही मुळात कूळ संघाची जबाबदारी आहे. मोठे काम असेल तर कृषी खात्याच्या मृद्संधारण विभागाकडे संघाने जावयाचे असते. कित्येक गावांत कूळ संघाचे पदाधिकारी कोण, शेवटची बैठक केव्हा झाली, हे कुळांनाच ठाऊक नसते. बांध धड असतानाच ही चौकशी करून ठेवावी. भगदाड पडल्यावर संघाचा अध्यक्ष शोधत हिंडणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

आता अर्ज कसा लिहावा याविषयी. भाषेचा शिक्षक म्हणून आम्हांला सुंदर मराठीचा अभिमान आहे. परंतु अर्जात अलंकारांना जागा नाही. लोकांनी लिहून आणलेल्या अर्जांत पहिली दहा वाक्ये हालअपेष्टांच्या वर्णनाची असतात, नंतर पाच वाक्ये अधिकाऱ्यांच्या थोरवीची, आणि अखेरीस 'तरी कृपया योग्य ती दखल घ्यावी' एवढेच. कारकुनाने हा कागद वाचून काय करावयाचे? ठिकाण कोणते, दोष कोणता, केव्हापासून, त्याचा त्रास कोणास व किती, आणि आपली मागणी कोणती, या पाच प्रश्नांची उत्तरे पाच-सहा वाक्यांत द्यावीत. एका अर्जात एकच काम मागावे. गटार, दिवा आणि पाणी एकाच कागदावर लिहिले की तो कागद तीन टेबलांवर फिरतो आणि कोणत्याच टेबलावर स्थिरावत नाही. शक्य तर छायाचित्र जोडावे. दोन प्रती कराव्यात; एक द्यावी आणि दुसरीवर कचेरीचा शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊन ती घरी जपून ठेवावी. ही पोच म्हणजे अर्जाचा प्राण होय. पोच नसलेला अर्ज आणि पंचाच्या कानी घातलेले गाऱ्हाणे यांत फारसे अंतर नाही.

एक उदाहरण सांगतो. आमच्या शाळेकडे येणाऱ्या एका वाटेवर व्हाळ ओलांडण्यासाठी जुना साकव आहे. त्याचा एका बाजूचा कठडा मोडून पडला होता. उन्हाळ्यात त्याचे काही वाटत नसे. पण जून-जुलैमध्ये व्हाळ दुथडी भरून वाहू लागला की त्या साकवावरून पाचवी-सहावीची मुले दप्तर आणि छत्री सांभाळीत येताना पाहून आमचा जीव मुठीत येई. पालक दोन पावसाळे सांगत होते. पंचायत म्हणे, साकव बांधकाम खात्याचा; खाते म्हणे, आमच्या यादीत तो नाही. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असावेत. साकव मात्र कोणाचाच नव्हता आणि मुले सर्वांचीच होती.

अखेर पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत ठरले की आता कोणी कोणास दोष द्यावयाचा नाही, फक्त साकवाचा मालक शोधावयाचा. एक पानी अर्ज तयार झाला. साकव कोणत्या दोन वाड्यांना जोडतो, कठडा किती लांबीचा गेला आहे, रोज किती मुले त्यावरून जातात, हे मोजून लिहिले. मुलांची मोजणी नववीच्या विद्यार्थ्यांनी सलग तीन दिवस सकाळी उभे राहून केली. अर्ज दोन्ही कचेऱ्यांत एकाच दिवशी दिला आणि दोन्हींकडून पोच घेतली. जुलैच्या ग्रामसभेत एका पालक भगिनीने उभे राहून तो वाचला आणि इतिवृत्तात नोंद करण्याची विनंती केली. मग एका पालकाने माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपये भरून इतकेच विचारले की हा साकव कोणत्या वर्षी, कोणत्या निधीतून बांधला गेला आणि तो कोणाच्या मालमत्ता नोंदवहीत आहे. या कायद्यात तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि अर्ज चुकीच्या कचेरीत गेला असेल तर तो पाच दिवसांत योग्य कचेरीकडे पाठविण्याचे बंधन अधिकाऱ्यावर असते. म्हणजे दार चुकले तरी अर्ज वाटेत मरत नाही. उत्तर मुदतीत आले. साकव पंचायतीच्याच जुन्या वहीत निघाला. ते पान कित्येक वर्षांत कोणी उलटले नव्हते. मालक सापडला आणि पुढील पावसाळ्यापूर्वी कठडा उभा राहिला. यात कोणी कोणावर मोर्चा नेला नाही, कोणाची नालस्ती केली नाही. नोंद शोधली, एवढेच.

इतके करूनही एखादे काम अडले तर पुढची पायरी चढावी. पंचायतीविषयीचे गाऱ्हाणे असेल तर गटविकास अधिकारी आणि त्याच्या वर पंचायत संचालनालय. दाखले व परवाने यांच्या बाबतीत तर मुदतीचाच कायदा आहे. असा सेवाहमीचा कायदा देशात प्रथम मध्य प्रदेशाने २०१० साली केला. कर्नाटकाने २०११ मध्ये 'सकाल' या नावाने, तर गोवा आणि गुजरात या राज्यांनी २०१३ साली केला. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, बडोदे येथील आमच्या वाचकांनीही आपापल्या कचेरीतील फलकावर कोणत्या कामाला किती दिवस लागावेत हे एकदा पाहून ठेवावे. मुदत ठाऊक असलेल्या माणसाशी बोलताना कारकुनाचा स्वर आपोआप बदलतो.

येथे भाषेचा प्रश्न येतो आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा सर्वांच्या तो जिव्हाळ्याचा आहे. कित्येक वडीलधारी मंडळी केवळ एवढ्यासाठी गप्प राहतात की आपल्याला सरकारची भाषा लिहिता येत नाही. त्यांनी हे जाणून असावे की भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, त्या केंद्रात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा अधिकार प्रत्येक व्यक्तीस आहे. गोव्यात तर १९८७ च्या राजभाषा अधिनियमाने देवनागरी कोकणीला राजभाषा केले आणि त्याबरोबरच सरकारी कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद ठेवली. मराठीत आलेल्या पत्राला मराठीत उत्तर देण्याचे सरकारचे धोरण आहे. तेव्हा आजीने सांगावे आणि नातवाने मराठीत लिहावे, यात संकोच कसला?

तथापि हक्क आणि व्यवहार यांचा मेळ घालणे शहाण्याचे काम. टेबलामागे बसलेल्या माणसाला आपला अर्ज समजला पाहिजे. कन्नड, हिंदी, गुजराती वा तेलुगू शाळांत शिकलेली आपली मुले घरात आहेतच. मूळ अर्ज मराठीत ठेवून त्याखाली चार ओळींचा सारांश राज्याच्या भाषेत जोडावा. यात मराठीचा पराभव नाही. उलट आजीचे मराठी आणि नातवाचे कन्नड एका कागदावर आले म्हणजे ज्या प्रदेशात आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो त्याच्याशी असलेले आपले नाते त्या कागदावर आपोआप उमटते. आणखी एक लाभ होतो. आजीच्या तोंडून ऐकताना नातवाला गावातील वाटांची, पाणवठ्यांची आणि झाडांची जुनी नावे कळतात, जी कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत.

कचेऱ्यांचे झाले, पण गावाला लागणाऱ्या सर्व सेवा कचेरीतून मिळत नाहीत. नारळ पाडणारा पाडेली, विहीर उपसणारा, नळ दुरुस्त करणारा, रात्री-अपरात्री गाडी काढणारा, सुई टोचणारी परिचारिका, जनावरांचा डॉक्टर, घरात शिरलेला साप न मारता पकडणारा, यांचा पत्ता पूर्वी तोंडी चाले. आज गावातील निम्मी घरे कुलपात, तरुण पणजी-वास्कोत वा परदेशी, आणि मागे राहिलेली वृद्ध माणसे नव्याने राहावयास आलेल्या शेजाऱ्यांना ओळखत नाहीत. म्हणून आमच्या नववीच्या वर्गाने मराठीच्या प्रकल्पासाठी 'गावाची वही' तयार केली. प्रत्येक वाडा दोन मुलांना वाटून दिला. कोण कोणते काम करतो, कोणत्या वेळी भेटतो, कोठे राहतो, हे विचारून आणि त्याची संमती घेऊन लिहावयाचे. ज्याने नको म्हटले त्याचे नाव घालावयाचे नाही. एक प्रत शाळेत, एक पंचायतीत आणि एक वाचनालयात ठेवली. दरवर्षी जूनमध्ये नवा वर्ग ती तपासून दुरुस्त करतो.

या कामात मुलांना जे कळले ते आम्हांलाही नवे होते. गावाची सर्वांत ताजी बातमी कोणाजवळ असते, या प्रश्नाला मुलांचे उत्तर होते, पोदेराजवळ. भल्या पहाटे सायकलचा भोंगा वाजवीत तो दारोदार पाव घेऊन जातो. आज कोणते दार उघडले नाही हे त्यालाच प्रथम कळते. एका वाड्यावर एकट्या राहणाऱ्या एका आजींचे दार दोन हाकांनंतरही उघडले नाही, तेव्हा त्यानेच शेजाऱ्यांना उठविले. आजी न्हाणीघरात पडल्या होत्या; १०८ ची गाडी वेळेवर आली आणि त्या वाचल्या. त्यानंतर वहीत एक नवे पान घातले गेले. एकट्या राहणाऱ्या वृद्धांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांच्या जवळच्या नातलगाचा आणि शेजाऱ्याचा संपर्क त्यात असतो. हे पान मात्र वाचनालयात ठेवीत नाहीत. ते पंचायत सचिवाकडे आणि त्या वाड्यावरील एका विश्वासू घरी असते. अशी माहिती गावभर पसरणे हिताचे नसते, हे मुलांनीच सुचविले.

एवढे सगळे वाचून काही वाचक म्हणतील, हे ठीक आहे, पण गावात तक्रार करणे सोपे नाही. सरपंच आपल्याच आळीतला, पंच आपल्या मावशीचा दीर, सचिवाची मुलगी आपल्या मुलीच्या वर्गात. तक्रार दिली की उद्या लग्नाच्या पंगतीत तोंड कसे दाखवावयाचे? हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. शहरात तक्रार करणारा आणि ऐकणारा एकमेकांना अनोळखी असतात. गावात ते एकाच तळीवर गणपती विसर्जनाला येतात. याच संकोचापोटी कित्येक कामे अडून राहतात, आणि मग एक दिवस अपघात झाला की सारे गाव म्हणते, हे तर सर्वांना माहीतच होते.

यावर आमच्या अनुभवातले तीन उपाय आहेत. पहिला, अर्जात माणसाचे नाव येऊ देऊ नये, कामाचे नाव यावे. 'अमुक पंच लक्ष देत नाही' असे लिहिले की भांडण सुरू होते. 'अमुक ठिकाणचे गटार तुंबले आहे' असे लिहिले की काम सुरू होऊ शकते. दुसरा, सही एकट्याची नसावी. वाड्यातील निदान पाच घरांच्या सह्या घ्याव्यात आणि त्यांत निवडणुकीत दोन्ही बाजूंना असलेली घरे असावीत, म्हणजे अर्जाला पक्षाचा रंग चढत नाही. निनावी पत्र मात्र कधीही धाडू नये. त्याने काम होत नाही आणि संशय तेवढा दहा घरांवर पडतो. तिसरा उपाय फार थोडे लोक करतात. काम झाले की त्याच कचेरीला आभाराचे दोन ओळींचे पत्र द्यावे आणि ग्रामसभेत तसे सांगावे. साकवाचा कठडा झाला तेव्हा मुलांनी पंचायतीला असे पत्र लिहिले होते. ते पत्र सचिवांनी कचेरीच्या भिंतीवर लावले. पुढच्या वर्षी शाळेजवळचे गटार उपसण्याचा अर्ज गेला, तेव्हा त्या कचेरीत आम्हांला बसावयास खुर्ची मिळाली आणि काम आठ दिवसांत झाले.

गावाबाहेर राहणाऱ्या वाचकांनाही एक विनंती आहे. चतुर्थीला किंवा जत्रेला घरी आलात की वाड्याची दुरवस्था पाहून हळहळता आणि परतता. त्याऐवजी एक दुपार आपल्या वृद्ध आई-वडिलांजवळ बसून त्यांच्या अडचणींचे अर्ज लिहून द्या, पोच घेऊन ती त्यांच्या कपाटात ठेवा, आणि आवश्यक क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा. शहरातून आणलेल्या मिठाईच्या डब्यापेक्षा हे त्यांना अधिक दिवस पुरेल.

पुढील ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या फलकावर लागेल, तेव्हा तिची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि त्या रविवारी सकाळी घरातील निदान एका माणसाने तेथे जावे. बोलण्याचे धैर्य झाले नाही तरी चालेल. मागील सभेचे इतिवृत्त वाचले जाते ते लक्षपूर्वक ऐकावे आणि आपल्या वाड्याचा त्यात उल्लेख आहे की नाही एवढे पाहावे. नसेल, तर पुढच्या सभेपूर्वी काय करावयाचे हे आता वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.